देवगिरीचा तक्ता आणि पॅरिसमधला वर्ग : ओलिव्हिए मेसियाँ यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

फ्रेंच रचनाकार आणि संगीतशिक्षक ओलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) यांच्या कारकिर्दीविषयी आलेले प्रश्न या महिन्याच्या सदरात एकत्र घेतले आहेत. बहुतेक वाचकांचे कुतूहल त्यांनी वापरलेल्या भारतीय तालांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र गेल्या पाऊणशे वर्षांतल्या पाश्चात्त्य अभिजात संगीताला जे वळण मिळाले, त्याचा मोठा भाग या गृहस्थांच्या वर्गखोलीतून बाहेर पडलेला असल्यामुळे त्यांच्यातल्या शिक्षकाला येथे थोडी अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मेसियाँ यांच्यासारख्या मोठ्या रचनाकाराने जवळजवळ चाळीस वर्षे नोकरी म्हणून शिकवावे, याचे मला आश्चर्य वाटते. हा केवळ चरितार्थाचा भाग होता का? शिकवण्यामुळे त्यांच्या रचनांचे नुकसान झाले असेल का? (एक संगीतशिक्षिका, सांगली)

चरितार्थाचा भाग तो होताच, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आव्हिन्यों येथे १० डिसेंबर १९०८ रोजी जन्मलेल्या या मुलाची आई सेसिल सोव्हाज कवयित्री होती, तर वडील पिएर मेसियाँ हे शेक्सपियरच्या नाटकांचे फ्रेंच भाषांतरकार होते. म्हणजे घरात शब्दसंपत्ती भरपूर असली, तरी धनसंपत्ती बेताचीच होती. नाँत येथे असताना, दहा वर्षांच्या वयात, त्यांच्या हार्मनीच्या (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाच्या शास्त्राच्या) शिक्षकांनी त्यांना फ्रेंच रचनाकार द्यब्युसी यांच्या ‘पेलेआस ए मेलिझांद’ या ऑपेराची स्वरलिपी भेट दिली आणि पुढे आयुष्यभर मेसियाँ त्या भेटीला आपल्या घडणीतला निर्णायक क्षण मानत राहिले. पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे तिथल्या संगीतमहाविद्यालयात, ते अकराव्या वर्षी दाखल झाले. तेथे मार्सेल द्युप्रे यांच्याकडे ऑर्गन आणि पॉल द्युका यांच्याकडे रचना शिकल्यावर, १९३१ मध्ये, म्हणजे बाविसाव्या वर्षी, पॅरिसमधल्या ‘त्रिनिते’ चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ही जागा त्यांनी मृत्यूपर्यंत, एकसष्ट वर्षे, सोडली नाही. शिकवण्याचे काम १९३० च्या दशकातच खासगी संस्थांमधून सुरू झाले होते. कॉन्झर्वेटरीत मात्र ते १९४१ मध्ये, युद्धकैदेतून सुटून आल्यावर, हार्मनीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

येथून पुढची हकिकत शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. मेसियाँ यांना रचनेचा वर्ग देण्यास संस्था पंचवीस वर्षे तयार नव्हती. त्यांचे संगीत अनेकांना अतिरेकी आणि बेशिस्त वाटत असे, त्यामुळे १९४७ मध्ये संचालक क्लोद देल्व्हँकूर यांनी त्यांच्यासाठी विश्लेषणाचा एक स्वतंत्र वर्ग उघडून यातून वाट काढली. रचनेचे प्राध्यापकपद त्यांना औपचारिकरीत्या १९६६ मध्ये मिळाले आणि १९७८ मध्ये ते निवृत्त झाले. पण विद्यार्थी पदनाम बघून येत नव्हते. विश्लेषणाच्या त्या वर्गात मोझार्टच्या पियानो कॉन्चेर्तोंपासून स्त्राविन्स्कीच्या ‘वसंतयज्ञा’पर्यंत, ग्रेगोरियन चर्चगानापासून प्राचीन ग्रीक छंदांपर्यंत आणि शार्ङ्गदेवांच्या तालांपासून पक्ष्यांच्या आवाजापर्यंत सर्व काही एकाच टेबलावर येत असे. मेसियाँ स्वतः पियानोपाशी बसून अख्ख्या वाद्यवृंदाची स्वरलिपी वाजवीत आणि एकेक माप उलगडून दाखवीत. स्वतःच्या रचना ते सहसा विद्यार्थ्यांनी आग्रह केल्यावरच घेत.

शिकवण्याने रचनेचे नुकसान झाले का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. पॅरिसमधले सत्र संपले की ते दोफिने प्रांतात, ग्रनोब्लजवळच्या पेतिशे येथील आपल्या साध्या घरी जात आणि उन्हाळाभर तेथे लिहीत. त्यांच्या अनेक मोठ्या रचना या सुट्ट्यांमध्ये झालेल्या आहेत. शिवाय वर्गासाठी केलेली तयारी वाया जात नव्हती. आपली रचनापद्धती सांगणारे छोटे पुस्तक त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ताल, रंग व पक्षिशास्त्र यांवरचा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात, पत्नी इव्होन लोरिओ यांच्या देखरेखीखाली, १९९४ पासून प्रकाशित होत गेला. हे सात खंड म्हणजे बव्हंशी त्या वर्गाचेच लेखी रूप आहे. वर्गात इतरांच्या रचना सोडवून दाखवताना ज्या गोष्टी त्यांच्या हाती लागत, त्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या स्वतःच्या कागदावर उतरत. आपल्याकडे रियाज आणि तालीम यांची फारकत करता येत नाही, तसेच काहीसे हे होते.

प्रश्न : मी तबला वाजवतो आणि शिकवतो. मेसियाँ यांनी भारतीय ताल वापरले असे वाचून त्यांची ‘तुरंगलीला’ सिंफनी ऐकली, पण मला त्यात ताल कुठेच सापडला नाही, सम तर नाहीच नाही. मग हे भारतीय ताल म्हणजे नेमके काय? (एक तबलावादक, नाशिक)

आपल्या कानांनी आपल्याला बरोबर सांगितले आहे. तेथे ठेका नाही, खाली-भरी नाही, आवर्तन नाही आणि त्यामुळे समेवर येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मेसियाँ यांची भारतीय तालांशी ओळख मैफलीत झाली नाही. ती एका छापील तक्त्यातून झाली. ‘नाट्यशास्त्रा’चे अभ्यासक जोआनी ग्रोसे यांनी आल्बेर लाविन्याक यांच्या संगीतविश्वकोशासाठी भारतीय संगीतावर एक दीर्घ लेख लिहिला होता आणि तो १९१३ मध्ये छापला गेला. त्या लेखात ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथातले एकशेवीस देशी ताल यादीच्या स्वरूपात दिले होते. कॉन्झर्वेटरीच्या काळात ही यादी तरुण मेसियाँ यांच्या हाती पडली आणि त्यांनी ती वर्षानुवर्षे घोकली.

‘संगीतरत्नाकर’ कोठे लिहिला गेला, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको, तरी प्रश्नांचा रोख पाहता सांगणे बरे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबखात्याचे प्रमुख असलेल्या शार्ङ्गदेवांनी तो रचला. त्यांचे घराणे मूळचे काश्मीरचे होते. ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी पाचवा तालाध्याय आहे आणि त्यात मार्गतालांनंतर हे देशी ताल येतात. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६–९७ मध्ये कल्लिनाथांच्या टीकेसह हा ग्रंथ छापला. म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याच्या सावलीत तयार झालेली एक यादी सातशे वर्षांनी पॅरिसमधल्या एका कॅथलिक ऑर्गनवादकाच्या मेजावर जाऊन पोहोचली, आणि तिची चर्चा पुढे जर्मनी-अमेरिकेतल्या रचनाकारांपर्यंत गेली. ही गोष्ट विलक्षण आहेच. पण तिच्यावरून ‘आमच्या तालाने पॅरिस जिंकले’ असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल.

कारण असे, की शार्ङ्गदेवांचे देशी ताल आजच्या तबल्याच्या ठेक्यांहून फार वेगळ्या जातकुळीचे आहेत. द्रुत, लघू, गुरू आणि प्लुत या कालमूल्यांची विशिष्ट मांडणी म्हणजे तो ताल होय. लघू एक धरला तर द्रुत अर्धा, गुरू दोन आणि प्लुत तीन. त्याशिवाय ‘विराम’ नावाची खूण एखाद्या मूल्याला त्याच्या निम्म्याने वाढवते. मेसियाँ यांनी या मांडण्या ग्रोसे यांच्या लेखातून उचलल्या आणि त्यांच्याकडे लांब-आखूड काळाच्या मालिका म्हणून पाहिले. त्यांना त्यात दोन गोष्टी विशेष भावल्या. पहिली ही, की नेहमीच्या मापात किंचित भर घातली की समान पावलांची लय मोडते. विरामावरून त्यांना हे दिसले आणि ‘वाढीव मूल्य’ हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य झाले. दुसरी ही, की काही ताल उलटे वाचले तरी तेच राहतात. ढेंकी हा ताल गुरू, लघू, गुरू असा आहे. तो शेवटाकडून सुरुवातीकडे वाचला तरी काही बदलत नाही. या गुणधर्माला मेसियाँ यांनी आपल्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले.

प्रत्यक्ष वापर पाहायचा असेल, तर १९४० ते ४१ मधल्या ‘काळाच्या अंतासाठी चतुष्टय’ या चार वाद्यांच्या रचनेचा पहिला भाग घ्यावा. तेथे पियानोवर रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल एकापाठोपाठ जोडून सतरा कालमूल्यांची एक माळ केलेली आहे, आणि तिच्यावर एकोणतीस स्वरसंचांची दुसरी माळ सरकत राहते. १७ आणि २९ या दोन्ही मूळसंख्या असल्यामुळे दोन्ही माळांचे आरंभ पुन्हा जुळायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ आघात लागतील. रचना त्याच्या कितीतरी आधी थांबते. लयकारीत दोन वेगवेगळी चक्रे फिरवून अखेर समेवर आणण्यात आपल्याला जो आनंद मिळतो, तो येथे जाणूनबुजून नाकारलेला आहे. चक्रे भेटणारच नाहीत, कारण त्यांना अनंतकाळ सुचवायचा आहे. हे त्यांच्या धर्मश्रद्धेला धरूनच होते. ‘तुरंगलीला’ हे नावही त्या यादीतल्या एका तालाचे आहे. १९४६ ते ४८ दरम्यान लिहिलेली ही दहा भागांची सिंफनी २ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टन येथे लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली प्रथम वाजवली गेली.

मेसियाँ यांनी पुस्तकावर विसंबून काम केले, कोणा तालवाद्यकारासमोर बसून नव्हे, हा आक्षेप रास्त आहे, आणि आपल्या प्रश्नामागे तोच असावा. तरीही त्यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की त्यांनी उसनवारी लपवली नाही; अनेक स्वरलिपींमध्ये त्या त्या ठिकाणी तालाचे संस्कृत नाव छापलेले आहे आणि वर्गात शार्ङ्गदेवांचे नाव ते आवर्जून घेत असत. त्यांचे संगीत भारतीय नाही आणि तसा त्यांचा दावाही नव्हता.

प्रश्न : मी अभियंता आहे, वय एकोणतीस. संगीतरचना शिकावी असे फार वाटते, पण हार्मनी-काउंटरपॉइंटचे शिक्षण नाही. मेसियाँ यांनी एका अभियंत्याला ‘हार्मनी शिकू नकोस’ असा सल्ला दिला होता, असे ऐकले. हे खरे आहे का? (पुण्याहून एक वाचक)

हे खरे आहे, पण ते कोणाला आणि केव्हा सांगितले हे पाहिल्याशिवाय त्याचा आधार घेऊ नये. यानिस झेनाकिस हे ग्रीक तरुण अभियंते युद्धानंतर पॅरिसमध्ये येऊन, पुढे चंदीगडची आखणी करणाऱ्या ल कोर्ब्युझिए यांच्या कार्यालयात नोकरी करत होते. १९५० च्या सुमारास ते अनेक नामवंत शिक्षकांकडे गेले, पण पायाच कच्चा असल्याचे सांगून त्यांना परतवण्यात आले. मेसियाँ यांनी त्यांचे काम पाहिले आणि पुढे स्वतःच सांगितलेल्या आठवणीप्रमाणे असा सल्ला दिला, की तुम्ही तिशीला आलेले आहात, ग्रीक आहात, वास्तुकला आणि उच्च गणित तुम्हाला येते, तेव्हा याच गोष्टींचा संगीतात उपयोग करा. झेनाकिस त्यानंतर काही वर्षे त्यांच्या वर्गात येऊन बसत राहिले. १९५३–५४ मध्ये त्यांनी ‘मेतास्तासिस’ ही वाद्यवृंदरचना लिहिली. तिच्यात तंतुवाद्यांचे स्वर आलेखावरच्या सरळ रेषांसारखे सरकतात, आणि तसाच रेषांचा विचार पुढे १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातल्या फिलिप्स दालनाच्या वास्तूतही वापरला गेला.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, हा सल्ला एका माणसाचे सामर्थ्य ओळखून दिलेला होता आणि तो सर्वांसाठी नव्हता. हार्मनीच्या वर्गात मेसियाँ यांनी कित्येकांना पारंपरिक अभ्यास कसोशीने करायला लावला आणि पुढे रचनाकार आणि वाद्यवृंदसंचालक म्हणून गाजलेल्या पिएर बूलेझ यांच्यासारख्यांनी त्यात प्रथम क्रमांकही मिळवला. दोन, झेनाकिस यांनी औपचारिक हार्मनी टाळली, पण मेहनत टाळली नाही. आपल्याला एकोणतिसाव्या वर्षी सुरुवात करायची असेल, तर वय आड येणार नाही. मात्र आपल्याकडे असे काय आहे जे इतर रचनाकारांकडे नाही, याचा शोध आपल्याला स्वतःच घ्यावा लागेल, आणि तो लागेपर्यंत साधी हार्मनी शिकून घेतलेली बरी.

प्रश्न : ख्यालगायकीत शिष्याच्या गळ्यात गुरूचा गळा ऐकू येतो आणि त्यातूनच घराणे उभे राहते. मेसियाँ यांचे असे घराणे झाले का? (गायनाची विद्यार्थिनी, बेळगाव)

झाले नाही, आणि माझ्या मते तेच त्यांचे शिक्षक म्हणून मोठे यश आहे. त्यांच्या शिष्यांची नावे एका ओळीत लिहिली तर हे सर्व एकाच वर्गातले आहेत, यावर विश्वास बसणार नाही. बूलेझ १९४४ मध्ये वर्गात आले. त्यांनी आपल्या गुरूच्या रचनांवर, विशेषतः ‘तुरंगलीला’वर, उघडपणे कडवट टीका केली, आपल्याकडे गंडाबंध शिष्याने असे केले असते तर काय झाले असते, याची कल्पना आपणच करावी. मेसियाँ दुखावले असणार, पण त्यांनी संबंध तोडला नाही, आणि पुढे त्याच बूलेझ यांनी १९६३ मध्ये ‘सात हायकू’ आणि १९६४ मध्ये ‘स्वर्गनगरीचे रंग’ या रचनांची पहिली सादरीकरणे स्वतः संचालित केली.

जर्मन रचनाकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांची कथा आणखी वेगळी आहे. मेसियाँ यांनी १९४९ मध्ये पियानोसाठी एक छोटा अभ्यास लिहिला. त्यात प्रत्येक स्वराला त्याची ठरावीक लांबी, ठरावीक तीव्रता आणि ठरावीक आघात आधीच नेमून दिलेला आहे : छत्तीस स्वरस्थाने, चोवीस कालमूल्ये, बारा प्रकारचे आघात आणि सात पातळ्यांची तीव्रता. त्याची ध्वनिमुद्रिका १९५१ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट येथे ऐकून स्टॉकहाउझेन इतके झपाटले, की पुढल्या वर्षाच्या आरंभी ते थेट पॅरिसला वर्गात दाखल झाले. बूलेझ आणि स्टॉकहाउझेन या दोघांनी या एका अभ्यासातून संगीताचा प्रत्येक घटक गणिताने बांधण्याची अख्खी चळवळ उभी केली. स्वतः मेसियाँ मात्र तोवर दुसरीकडेच, पक्ष्यांकडे, वळलेले होते. ज्या वाटेचे दार त्यांनी उघडले, त्या वाटेने जाण्याची त्यांना गरज वाटली नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याच वर्गात ट्रिस्टन म्युराय आणि जेरार ग्रिझे आले आणि त्यांनी गणिताची ती सगळी मांडणी बाजूला ठेवून एकाच नादात दडलेल्या अंशस्वरांवर आपले संगीत उभारले. तानपुरा छेडल्यावर षड्जातून आपोआप उमटणारा गंधार ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना त्यांच्या रचना तुलनेने जवळच्या वाटतील. शेवटच्या तुकडीतला सोळा वर्षांचा इंग्रज मुलगा जॉर्ज बेंजामिन होता. तो १९७६ मध्ये आला, वीस वर्षांचा असताना त्याने आपली पहिली मोठी वाद्यवृंदरचना गुरूंना अर्पण केली, आणि आज ‘रिटन ऑन स्किन’ (२०१२) या ऑपेराचे रचनाकार म्हणून तो सर्वत्र ओळखला जातो. बेंजामिन स्वतः २००१ पासून लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रचना शिकवत आहेत, त्यामुळे शिकवण्याची परंपरा चालू राहिली, पण गळा मात्र पुढे गेला नाही.

शिष्यांत काही समान आहे का, असे आपण विचाराल. समान आहे ती सवय : दुसऱ्याची रचना पूर्णपणे उलगडेपर्यंत तिच्यासमोर बसून राहण्याची आणि संगीताच्या बाहेरचे, मग ते गणित असो, छंदशास्त्र असो की पक्षी, संगीतात आणायला न लाजण्याची.

प्रश्न : युद्धकैदी छावणीत पाच हजार कैद्यांसमोर, तीन तारांच्या मोडक्या चेलोवर, मेसियाँ यांचे ‘चतुष्टय’ वाजले, अशी कथा प्रसिद्ध आहे. ती कितपत विश्वसनीय आहे? (निवृत्त शिक्षक, दादर)

मूळ घटना निर्विवाद आहे. तपशील मात्र नंतर वाढलेले आहेत, आणि ते वाढवण्यात खुद्द मेसियाँ यांचाही हात आहे. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सच्या पराभवात ते जर्मनांच्या हाती सापडले आणि गोर्लिट्झ येथील आठ-अ क्रमांकाच्या छावणीत गेले. क्लॅरिनेटवादक आंरी अकोका आणि चेलोवादक एतिएन पास्किए त्यांना छावणीत येण्याआधीच भेटले होते, व्हायोलिनवादक झाँ ल बूलेर तेथे भेटले, कार्ल-आल्बेर्ट ब्र्यूल नावाच्या एका सहृदय जर्मन पहारेकऱ्याने कागद-पेन्सिल पुरवली, आणि १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत हे आठ भागांचे चतुष्टय वाजवले गेले. पियानोवर मेसियाँ स्वतः होते.

पास्किए यांनी मात्र पुढे ठामपणे सांगितले, की त्यांच्या चेलोला चारही तारा होत्या आणि तो कैद्यांनी वर्गणी काढून गावातल्या दुकानातून आणलेला होता. ज्या लाकडी खोलीत कार्यक्रम झाला, तिच्यात काही शेच माणसे मावत असत. शिवाय सगळे आठही भाग छावणीत लिहिले गेले, हेही खरे नाही. पाचवा आणि आठवा भाग हे १९३० च्या दशकातल्या जुन्या रचनांवरून नव्याने मांडलेले आहेत, आणि क्लॅरिनेटचा एकट्याचा भाग अकोकासाठी छावणीत पोहोचण्याआधीच लिहायला घेतला होता. तीन तारांवर तो चेलोचा भाग वाजवता येईल का, एवढा साधा विचार केला असता, तरी कथा सांगणाऱ्यांना शंका यायला हवी होती. रचनेचे मोल मात्र यामुळे तसूभरही कमी होत नाही.

प्रश्न : मेसियाँ यांच्या रचनांतले पक्षी खरोखर ओळखू येतात का? (पक्षिनिरीक्षक, सावंतवाडी)

आपल्यासारख्यांना थोडे ओळखू येतील, पण चकवतीलही. १९५२ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ झाक दलामें यांच्याकडे जाऊन त्यांनी पद्धतशीर शिक्षण घेतले आणि त्यानंतर आयुष्यभर ते पहाटे स्वरलिपीची वही घेऊन रानात बसत. अडचण अशी, की पक्षी फार वेगाने, फार उंच पट्टीत आणि अर्धस्वराहूनही लहान अंतरांनी गातात. पियानोवर हे शक्य नसल्यामुळे त्यांनी लय कमी केली, गाणे एक किंवा अधिक सप्तके खाली आणले आणि सर्व अंतरे त्याच प्रमाणात मोठी केली. शिवाय आवाजाचा पोत आणण्यासाठी एकेका स्वराच्या जागी स्वरसंच घातला. यामुळे चाल टिकते आणि पक्षी जणू भिंगातून मोठा होऊन दिसतो. १९५६ ते ५८ मध्ये लिहिलेल्या पियानोच्या तेरा रचनांच्या मालिकेत फ्रान्सच्या वेगवेगळ्या प्रदेशांतले पक्षी त्यांच्या शेजाऱ्यांसह आणि दिवसाच्या प्रहरांसह येतात. त्यातली वेतबनातल्या वटवट्यावरची अर्ध्या तासाची रचना मध्यरात्री सुरू होऊन दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीनंतर तीन वाजेपर्यंतचा काळ व्यापते.

आपल्याला विशेष आनंद होईल तो १९५५–५६ मधल्या ‘परदेशी पक्षी’ या रचनेने, कारण तिच्यात भारतातला शामा गातो आणि डोंगरी मैनाही बोलते. सावंतवाडीच्या परिसरात शामा आपण प्रत्यक्ष ऐकत असणार, तेव्हा तुलना करून पाहावी. त्याच रचनेत तालवाद्यांवर पुन्हा शार्ङ्गदेवांचे ताल वाजतात.

प्रश्न : त्यांचे ‘मोड’ म्हणजे आपले थाट किंवा राग म्हणता येतील का? (हार्मोनियमवादक, इचलकरंजी)

मोड म्हणजे मेसियाँ यांनी आपल्या रचनांसाठी ठरवलेल्या स्वरावली. त्या राग मुळीच नाहीत, आणि त्यांना थाट म्हणणेही फसवे ठरेल. आपण मूर्च्छना जाणता, म्हणून त्यावरूनच सांगतो. भूपाच्या पाच स्वरांत षड्ज गंधारावर नेला तर मालकंस मिळतो आणि पंचमावर नेला तर दुर्गा. म्हणजे आधार हलवला की नवी स्वरावली जन्मते. मेसियाँ यांनी नेमक्या अशा स्वरावली निवडल्या, ज्यांत आधार हलवूनही नवे फारसे काही जन्मत नाही. सा, शुद्ध रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी ही सहा समान अंतरांची स्वरावली घ्या; यातल्या कोणत्याही स्वराला षड्ज करा, तीच स्वरावली परत मिळते. त्यांच्या आवडत्या दुसऱ्या मोडमध्ये सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी असे आठ स्वर येतात आणि त्यांच्या मूर्च्छना फक्त दोनच प्रकारच्या निघतात. असे एकूण सात मोड त्यांनी मांडले. हार्मोनियमवर ही दुसरी स्वरावली सावकाश वाजवून पाहिल्यास षड्ज हातातून निसटतो आहे, असे आपल्याला जाणवेल; मेसियाँ यांना तेच हवे होते. त्यांना या प्रत्येक मोडबरोबर विशिष्ट रंगही मनात दिसत, पण ते रंग श्रोत्यालाही दिसावेत अशी अट नाही.

प्रश्न : झुबिन मेहता आणि मेसियाँ यांचा काही संबंध होता का, आणि नवख्या श्रोत्याने सुरुवात कोठून करावी? (डोंबिवलीहून एक वाचक)

मेसियाँ यांनी पूर्ण केलेली शेवटची मोठी रचना, अकरा भागांची ‘परलोकावरील विजा’, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या दीडशेव्या वर्षासाठी लिहिलेली होती. मेसियाँ २७ एप्रिल १९९२ रोजी वारले, आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले सादरीकरण मुंबईत जन्मलेल्या मेहता यांनी संचालित केले. ती रचना स्वतः रचनाकाराला वाद्यवृंदाकडून कधीच ऐकायला मिळाली नाही.

सुरुवात ‘चतुष्टया’च्या पाचव्या भागाने करावी; चेलो आणि पियानो यांची ती अतिविलंबित लय आपल्याकडच्या श्रोत्याला परकी वाटत नाही. त्यानंतर पहिला भाग ऐकावा आणि वर सांगितलेल्या दोन माळांकडे लक्ष ठेवावे. ‘तुरंगलीला’ सव्वा तासाहून मोठी आणि फार गजबजलेली असल्यामुळे ती पहिल्याच दिवशी लावू नये. लावलीच तर आधी सहावा भाग, पक्षी आणि तंतुवाद्ये असलेला संथ भाग, ऐकून मग बाकीच्या सिंफनीकडे वळावे.